झाकणाखालच्या तीन चकत्या

३ मार्च १९९६, रविवार

सकाळी सकाळी जयंती मंडळाची पोरं आली. पुढारी धम्मदीप. कॉलेजात शिकवतो, चष्मा लावतो आणि माझ्याच ओसरीवर बसून मला शहाणपण सांगतो. म्हणाला, "आबा, ह्या वर्साला मिरवणुकीत फोटो ट्रॉलीवर नको. तुमची मॉरिस मिळंल का?" म्हटलं, सात वर्षं उभी आहे, चालत नाही. तर हा हसत म्हणतो, "मग ढकलत न्हेऊ की!"

ढकलत! पस्तीस वर्षं साखर कारखान्यात फिटर होतो मी. उसाच्या मिलचे रोलर ह्या हातांनी बसवले. त्या बाजीरावाची गाडी हे ढकलत नेणार? डोकं सटकलं. बोलून गेलो, "चौदा एप्रिलला गाडी आपल्या चाकांवर आली नाही तर नावाचा बाजीराव नाही." पोरं खूश होऊन गेली. चतुरा चहा घेऊन बाहेर आली तोवर ती गल्लीच्या टोकाला पोचली होती. हल्ली हिचं प्रत्येक काम असं उशिरानं होतं.

गाडी १९५३ ची. छत मागं दुमडता येतं. बारामतीचे एक डॉक्टर १९७६ साली मुंबईला गेले तेव्हा त्यांच्याकडून घेतली. सणसरात आमच्या वस्तीत तेव्हा सायकलीसुद्धा मोजक्या होत्या. पुढं बारा वर्षं जयंतीला बाबासाहेबांचा फोटो ह्याच गाडीच्या मागच्या सीटवर उभा राहिला.

मग १९८९ च्या नऊ एप्रिलला आमच्या एकुलत्या एका चिरंजिवांनी, बुद्धघोषनं, आईला वरकुट्याहून घेऊन येताना कालव्याच्या वळणावर गाडी सरळ बाभळीत घातली. रस्ता वळला, हा वळला नाही. चतुराचा खुबा मोडला. आणि साहेब म्हणतात, "आबा, स्टिअरिंग वळलंच न्हाय!" आठवडाभर आधी मी स्वतः त्यात ग्रीस भरून बोल्ट आवळले होते. लबाड म्हटलं मी त्याला, भर वस्तीत, सगळ्यांसमोर. चतुरा खाटेवरून मधेच काहीतरी सांगायला लागली. तिला म्हटलं, तुला गाडीतलं काय कळतं, गप पड. तो त्याच महिन्यात बारामतीला निघून गेला. सात वर्षं मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही, पाहायचंही नाही.

६ मार्च, बुधवार

ताडपत्री काढली. सीटमध्ये उंदरांनी संसार मांडलेला. बॉनेट चेपलेलं, डावा दिवा गेलेला. त्याचं काही नाही, ठोकून काढता येतं. इंजिन तर तेल बदलून हँडल मारल्यावर दुपारपर्यंत खोकत खोकत चालू झालं. वस्तीतली निम्मी माणसं बघायला आली. सोनबा म्हातारा म्हणाला, "बाजीराव, गाडी तुज्यासारखीच हाय. आवाज लई." हसली सगळी. मी नाही हसलो.

पुढची चाकं उचलून स्टिअरिंग फिरवलं. मधे छान फिरतं. डावीकडं नेलं की अडकतं, उजवीकडं नेलं की अडकतं. जोर लावला तर दातओठ खाऊन थोडं सरकतं. वाकवून ठेवलंय पठ्ठ्यानं. झाडावर घालून माझी स्टिअरिंगखालची रॅक वाकवली.

चतुरा उद्या बारामतीला धाकट्या बहिणीकडं जाते म्हणाली. दर महिन्याला ह्या बहिणीला काय होतं कळत नाही. एस.टी.च्या पायऱ्या चढताना हिला कंडक्टर हात देतो, तरी जायची हौस जात नाही. जा म्हटलं.

११ मार्च, सोमवार

आज रॅक गाडीतून बाहेर काढली. धम्मदीप बघायला आला होता, त्याला समजावून सांगितलं. रॅक म्हणजे दाते पाडलेली लोखंडी दांडी. स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला छोटं दातेरी चाक, ते पिनियन. ते फिरलं की दांडी डावी-उजवीकडं सरकते आणि पुढची चाकं वळतात. दांडी पिनियनवर दाबून धरायला वर एक झाकण. बस, एवढंच. "सोपं हाय की," म्हणाला. सोपं आहे म्हणे! कॉलेजात पोरांना हेच सांगत असेल.

आत आमच्या मिलचं काळं ग्रीस सापडलं. वाळून डांबरासारखं कडक झालंय, पण सात वर्षांत जागचं हललेलं नाही. माल असा वापरावा. रॉकेलमध्ये तीन तास घासलं तेव्हा लोखंड दिसलं.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या मुलीच्या, मेघनाच्या, टेबलाची काच काढून तिच्यावर दांडी लोळवून पाहिली. खालून केस जाईल एवढीसुद्धा फट नाही. दांडी वाकलेलीच नाही. पुन्हा नळीत घातली, झाकण आवळलं, फिरवली. दोन्ही टोकांना पुन्हा अडकली.

वाकली नाही म्हणून आनंद व्हायला पाहिजे होता. मला तर रागच आला.

१७ मार्च, रविवार

रॅक पोत्यात गुंडाळून बारामतीला नीळकंठ मिस्त्रीकडं नेली. माणूस माझ्याच वयाचा, जुन्या गाड्यांशिवाय कशाला हात लावत नाही. त्यानं दात्यांवरून अंगठा फिरवला आणि लगेच म्हणाला, "बाजीराव, हितं बघा. मधलं दातं झिजल्यात, टोकाचं नव्यावानी हायत."

बरोबर आहे. माणूस गाडी बहुतेक वेळ सरळच हाकतो, म्हणून मधलेच दाते झिजतात आणि स्टिअरिंग मधे सैल होतं. त्याला प्ले म्हणतात.

"आन् कुणीतरी हा प्ले काडलाय," नीळकंठ म्हणाला. "झाकणाखाली कागदावानी पातळ चकत्या असत्यात. हितं चार पायजेत, एकच हाय. तीन काडून झाकण आवळलंय. मग काय व्हतं, मधलं झिजलेलं दातं घट्ट बसत्यात, आन् वळणावर टोकाचं जाड दातं आलं की दांडी गच्च आवळती. सरळ रस्त्यानं दहा मैल जावा, कळायचं न्हाय. कळतं वळणावर. आन् ह्यात तेल घालायचं असतं, हे मिलचं ग्रीस कुनी घातलं? कुणा गाढवाचं काम हाय हे?"

मी म्हटलं, गाढवच. दुसरा शब्द नाही.

येतायेता एस.टी.त सगळं जुळलं. बुद्धघोष! माझ्या मागं गाडीत हात घालायची त्याला भारी खोड. चकत्या काढल्या यानंच, मग स्वतःच अडकला, आईचं हाड मोडलं, आणि वर तोंड करून "वळलंच न्हाय"! वळलं नाही हे खरं बोलला हो लबाड. का वळलं नाही ते सांगितलं नाही.

नीळकंठ निघताना म्हणाला, "परवा वहिनी दिसल्या, एका लहान पोरीला शाळेत सोडीत व्हत्या." म्हटलं, तुमची नजर गेली. चतुराच्या बहिणीला पोरगी नाही.

१८ मार्च, सोमवार

बुद्धघोषला पत्र टाकलं, त्याच्या एम.आय.डी.सी.तल्या कंपनीच्या पत्त्यावर. मुद्दाम पोस्टकार्ड टाकलं, पाकीट नाही. जाताना चार जणांनी वाचलं तर वाचू दे. लिहिलं, 'झाकणाखालच्या तीन चकत्या तू काढल्यास. पुरावा माझ्या हातात आहे. आईचा पाय तू मोडलास. लाज असेल तर येऊन कबूल हो.' सही ठसठशीत केली. बरं वाटलं. पंचायतीत निकाल लागल्यासारखं वाटलं.

२४ मार्च, रविवार

उत्तर नाही. कुठून येणार?

मेघना इंदापूरहून आली. शाळेत मास्तरीण झाल्यापासून बापाशीही वर्गात बोलल्यासारखी बोलते. पोस्टकार्डाचं हिला कसं कळलं कोण जाणे. आल्या आल्या पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"आबा, दादानं चकत्या काढल्या? दादानं? तुमी त्याच्या हातात कधी पाना तरी दिला व्हता का? टायर पंक्चर झालं तरी 'हात लावू नको, शिकून आलोय मी' म्हणायचात. तुमच्या हत्यारांच्या पेटीला कुलूप असायचं, किल्ली तुमच्या कडदोऱ्याला."

किल्ली कडदोऱ्याला होती हे खरं आहे. अजूनही आहे. पण पोरं किल्ली काढतात, कुलपं उघडतात. मी म्हटलं, तुझ्या भावाची वकिली माझ्या घरात नको. ती न जेवता गेली. चतुरानं भाकरी फडक्यात बांधून तिच्यामागं रस्त्यापर्यंत नेली. मी ओसरीवरून बघत होतो. परत यायला तिला किती वेळ लागला.

२८ मार्च, गुरुवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

चकत्यांसाठी सगळं घर पालथं घातलं होतं. डब्याचा पत्रा कापून चकती करून पाहिली, जाड झाली. दुसरी केली, वाकडी झाली. बोट कापलं. ओरडलो, "ह्या घरात एक वस्तू जागेवर राहात नाही! कुठं टाकल्यात त्यानं चकत्या, कालव्यात?"

चतुरा चुलीपुढून उठली. भिंतीला धरून उठली, फळीवरचा जुना गोडेतेलाचा डबा काढला आणि माझ्यापुढं ओतला. नट, वॉशर, मोडके स्क्रू, छर्रे, कारखान्याचं पितळी टोकन. माझ्या खाकी कपड्यांच्या खिशांतून धुण्याच्या वेळी निघालेलं सगळं. पस्तीस वर्षांचं. काहीच टाकलं नव्हतं तिनं. त्यात तेलानं एकमेकींना चिकटलेल्या तीन पातळ चकत्या होत्या.

"ह्याच का बगा," म्हणाली. "तुमच्या शर्टाच्या वरच्या खिशात हुत्या. मेघनाची बारावीची परीक्षा झाली, त्या टायमाला. मला वाटलं मिलच्या हायत."

मापून पाहिल्या. बसल्या. भोकावर भोक.

आणि मी काय केलं? मी तिच्यावरच ओरडलो. "सात वर्षं लपवून ठेवल्यास?"

"लपवून? फळीवर तर हाय डबा. तुमी कदी इचारलं?"

ट्रंक उघडून १९८९ ची डायरी काढली. मनात होतं की तिनं सांगितलेली वेळच खोटी पडावी, चूक तिची निघावी. पान सापडलं. माझंच अक्षर:

'२ एप्रिल १९८९, रविवार. मॉरिसचं स्टिअरिंग मधे सैल झालं होतं. झाकणाखालच्या तीन चकत्या काढल्या. प्ले साफ गेला. मिलचं ग्रीस ठासून भरलं. भवानीनगरपर्यंत सरळ जाऊन आलो, एकदम घट्ट. बुद्धघोष म्हणतो, आबा, वळताना जड लागतंय. म्हटलं, घट्ट आहे तेच चांगलं, तुला काय कळतं. काम फक्कड झालं.'

मिलमध्ये आम्ही हेच करायचो. रोलर एकाच बाजूला फिरतो, त्याला वळण माहीत नाही. तिथं ढिलाई दिसली की काढायची, आवळायचं, काळं ग्रीस भरायचं. पस्तीस वर्षं एवढंच केलं. गाडीलाही मिल समजलो. गाढवच. दुसरा शब्द नाही, मीच म्हणालो होतो.

२९ मार्च, शुक्रवार

जेवलो नाही. गाडीकडं गेलो नाही. कोणाला शिव्या घालाव्यात ते सुचत नाही.

७ एप्रिल, रविवार

दहा दिवस ह्याच्या त्याच्या निमित्तानं काढले. बॉनेट ठोकलं, दिवा बसवला. आज बारामतीला गेलो. बुद्धघोषचं घर कुठं आहे हे चतुराला विचारलं. ती भाकरी थापतच म्हणाली, "पान्याच्या टाकीपासनं डाव्या हाताला तिसरं घर. दारात शेवगा हाय. खालची पायरी फुटल्याली हाय, जपून." तिला हे कसं ठाऊक, हे माझ्या डोक्यात एस.टी. बारामतीत शिरल्यावर आलं.

दार पाच वर्षांच्या पोरीनं उघडलं. माझ्याकडं बघितलं आणि आत ओरडली, "पप्पा, आबा आल्यात! आजीच्या पिशवीत फोटू हाय ना, ते आबा!" साक्षी नाव. चतुराच्या बहिणीचं दुखणं ते हेच. पाच वर्षं मला कोणी सांगितलं नाही, आणि पाच वर्षं मी विचारलं नाही. तिथल्या तिथं राग आला, पण घालायचा कोणावर?

बुद्धघोष बाहेर आला. केस पांढरे झालेत कानावरचे. मी पिशवीतून डायरी काढली आणि पान उघडून हातात दिली. उभ्यानं वाचलं त्यानं. दोनदा वाचलं असावं. मग बंद करून माझ्या हातात परत दिली.

"झालं?" म्हणाला.

म्हटलं, चूक माझी होती. तू खरं बोलत होतास.

"मी खरं बोलत हुतो हे मला सात वर्सं ठाव हाय. त्याला डायरी कशाला लागती?" आवाज चढला त्याचा, अगदी माझ्यासारखा चढतो. "तुमचं पोस्टकार्ड आमच्या ऑफिसातल्या शिपायानं मोठ्यांदा वाचून दाखवलं, आबा. आईचा पाय तू मोडलास! साहेबापासनं झाडूवाल्यापतुर सगळ्यांनी ऐकलं. आन् आता पान दाखवाय आलाय? मला लबाड म्हणालात वस्तीत, आन् कबूल व्हताय हितं, दार लावून?"

मी म्हटलं, वस्तीतही सांगेन.

"सांगा. पर पाय माझा न्हाय मोडला. त्या दिवशी गाडीत आमी दोघं हुतो. मला तरी तुमी लबाड म्हणालात, म्हंजे माझं ऐकून तरी घेतलं. आई माझ्या शेजारी बसली हुती. तिला इचारलं कदी, काय झालं म्हणून?"

मी डायरी पिशवीत घातली. त्याच्या बायकोनं पाणी दिलं, ते प्यालो. फुटकी पायरी उतरताना तोल गेला, साक्षीनं बोट धरलं. तो दारातून हलला नाही.

१० एप्रिल, बुधवार

तिन्ही चकत्या जागेवर घातल्या. ग्रीस सगळं पुसून काढलं आणि तेल भरलं. चाकं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वळतात. मधे मात्र चार बोटं प्ले आहे. झिजलेले दाते भरून येत नाहीत. नीळकंठ म्हणाला, "एवढ्या ढिल्यानंच चालवायची. हळू न्ह्या, काय व्हत न्हाय." हात शिवशिवत होते आवळायला. पाना पेटीत ठेवला.

१३ एप्रिल, शनिवार

विहारात उद्याच्या तयारीची बैठक. सगळी वस्ती होती. धम्मदीप पताकांचं सांगत होता, त्याला थांबवलं आणि उभा राहिलो. पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "बुद्धघोषनं गाडी आपटली नाही. मी आपटली, आठवडाभर आधी, ओसरीवर बसून. त्याला लबाड म्हणालो ते इथंच म्हणालो होतो, म्हणून इथंच सांगतो. लबाड मी."

मग सोनबा म्हातारा म्हणाला, "सात वर्सं लागली व्हय रं?" म्हटलं, व्हय. धम्मदीपनं चष्मा पुसला आणि पताकांचं पुढं सुरू केलं. मला त्याचा राग आला नाही.

१४ एप्रिल, रविवार

गाडी चालली. फोटो मागच्या सीटवर, झेंडूचे हार, पुढं लेझीम. वळणावर मी दोन्ही हातांनी चाक धरलं होतं, घामानं हात निसटत होते. वळली. बुद्धघोष आला नाही. साक्षीला मेघनाबरोबर पाठवलं होतं, ती माझ्याशेजारी बसून सगळ्यांना हात करत होती. चतुराला म्हटलं होतं, बस की पुढं. "नगं," म्हणाली. "मी हितनंच बघते." बाभळीच्या त्या दिवसानंतर एस.टी. सोडली तर ती कधी मोटारीत बसलेली नाही. हे मला आज कळलं.

परत आल्यावर तिच्यापुढं बसलो. ती लसूण सोलत होती. म्हटलं, पाय माझ्यामुळं मोडला तुझा.

"डबा वतला तवाच कळलं मला," म्हणाली.

म्हटलं, त्या दिवशी गाडीत काय झालं ते सांग. तिनं लसूण खाली ठेवला. म्हणाली, "आता?" म्हटलं, आता. मग तिनं सांगितलं. ती बोलली तसंच लिहून घेतोय, माझा एक शब्द घालत नाही:

"लिव्हा. वरकुट्यासनं निगालो तवाच त्यो म्हनला, आई, चाक जड हाय, आबांना सांगाय पायजे. मी म्हनलं, नगं सांगू, चिडत्याल. कालव्यापशी आलो. वळान दिसलं. त्यानं चाक वढलं, आलं न्हाय. दोनी हातांनी वढलं. मान फुगली त्याची. 'आई, धर' म्हनला. मंग मी बी धरलं. चार हात हुतं त्या चाकावर. न्हाय हाललं. चाक सोडून सीटला गच्च धरून बसले आस्ते तर पाय वाचला आस्ता, डाक्टर म्हनलं. मी सोडलं न्हाय. मला चाक ठाव हाय कसं हुतं ते. मी खाटंवरनं सांगत हुते तुमाला, तुमी म्हनला, तुला काय कळतंय."

एवढं सांगून ती स्वयंपाकाला उठली. उठताना भिंतीला हात लावावा लागतो तिला. सात वर्षं माझ्यासमोर लावते आहे.